विहिरीत सोडायचे ताकदवान चुंबक : ते कसे बनते आणि त्याची वाटी आपल्याकडे कशी करून घ्यावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात विहिरीत पडलेली घागर गळ टाकून काढण्याची पद्धत जुनी आहे. तीन-चार आकड्यांचा लोखंडी गळ दोराला बांधून तळाशी फिरवत राहायचे आणि घागरीच्या काठाला किंवा बादलीच्या कडीला एखादा आकडा अडकण्याची वाट पाहायची, एवढेच ते तंत्र आहे. मात्र विहिरीत कोयता, पाना किंवा पंपाचा बोल्ट पडला, तर आकड्याला धरण्याजोगे त्यात काही नसते. अशा वेळी दोराच्या टोकाला ताकदवान चुंबक बांधून सोडणे अधिक सोपे पडते. हल्ली नदी-तलावांतील लोखंडी वस्तू काढण्याच्या याच छंदाला ‘मॅग्नेट फिशिंग’ म्हणतात. तांब्या-पितळेची कळशी, ॲल्युमिनियमचे पातेले आणि बहुतेक स्टेनलेस स्टीलची भांडी चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे घरातला जुना गळ मोडीत काढण्याची घाई करू नये.

हे चुंबक विकत मिळते आणि त्यावर एकशे वीस, दोनशे, पाचशे किलो असे आकडे छापलेले असतात. त्या आकड्यांचा नेमका अर्थ चुंबक कसे तयार होते हे पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून येथे आधी कारखान्यातील प्रक्रिया क्रमाने सांगितली आहे आणि नंतर चुंबक बसवायची पोलादी वाटी आपल्याकडच्या लेथवर कशी करून घ्यावी ते दिले आहे. यातील पहिला भाग समजून घेण्यासाठी आहे, घरी करून पाहण्यासाठी नाही.

हे ओतीव काम नव्हे

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे या औद्योगिक भागांतील फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला पहिल्यांदा असे वाटते की, योग्य मिश्रधातू वितळवून साच्यात ओतला आणि वर विजेच्या कॉइलने चुंबकत्व दिले की काम झाले. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या जुन्या ‘अल्निको’ चुंबकांबाबत हे बरेचसे खरे आहे. ती ओतूनही करतात. स्पीकरच्या मागे असणारे काळे फेराइट चुंबक मात्र चिनी मातीच्या भांड्याप्रमाणे भुकटी दाबून आणि भाजून तयार होते. विहिरीत सोडायचे आजचे चुंबक निओडिमियम, लोह आणि बोरॉन या तिघांचे असते आणि तेही भुकटीच्याच वाटेने येते. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समधील जॉन क्रोट यांनी हे मिश्रण स्वतंत्रपणे शोधले. क्रोट यांनी वितळलेला धातू फिरत्या चाकावर झटकन थंड करून पातळ पट्ट्या मिळवल्या, तर सागावा यांनी भुकटी भाजण्याचा मार्ग धरला. आपण बाजारातून जी चंदेरी, जड चकती घेतो ती सागावांच्या मार्गाची आहे.

या चुंबकाची ताकद निओडिमियममध्ये जितकी आहे तितकीच ती कणांच्या दिशेत आहे, हे पुढील सर्व पायऱ्या वाचताना लक्षात ठेवावे. या पदार्थाच्या प्रत्येक स्फटिकाला चुंबकत्वासाठी एकच सोयीची दिशा असते. असंख्य स्फटिक वाटेल त्या दिशांना तोंड करून बसले, तर चुंबकाला उरणारे क्षेत्र साधारण निम्म्यावर येते. कारखान्यातील निम्मी यातायात हे सगळे स्फटिक एकाच दिशेला उभे करण्यासाठी आणि त्यांना तसेच टिकवण्यासाठी असते.

कारखान्यातील पायऱ्या

पहिली पायरी वजनाची. वजनाने साधारण २९ ते ३२ टक्के निओडिमियम (बहुधा त्यात थोडे प्रॅसिओडिमियम मिसळलेले), सुमारे एक टक्का बोरॉन आणि उरलेले बहुतेक लोह असा चार्ज, म्हणजे भट्टीत घालायचा माल, असतो. स्फटिकाच्या सूत्राप्रमाणे निओडिमियमचे दोन, लोहाचे चौदा आणि बोरॉनचा एक अणू असा हिशेब मांडला, तर निओडिमियम २७ टक्क्यांच्या आतच पुरायला हवे. तरीही ते मुद्दाम जास्त घालतात आणि त्याचे कारण पुढे भट्टीत दिसते. उष्णता सोसण्यासाठी काही चुंबकांत थोडे डिस्प्रोसियम घालतात, पण ते महाग असल्याने विहिरीच्या थंड पाण्यात वापरायच्या चुंबकासाठी त्याचा खर्च करण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी वितळवण्याची. ही भट्टी आपल्या फाउंड्रीतील इंडक्शन भट्टीसारखीच असते, पण हवा काढून घेतलेल्या बंद कोठीत ठेवलेली, कारण निओडिमियम ऑक्सिजन फार पटकन ओढून घेते. वितळलेला रस साच्यात न ओतता पाण्याने थंड केलेल्या फिरत्या तांब्याच्या चाकावर सोडतात. त्यामुळे मिलिमीटरच्या तीन-चार दशांश जाडीचे पापुद्रे मिळतात. सावकाश थंड होणाऱ्या जाड लादीत शुद्ध लोहाचे कण वेगळे पडतात आणि ते चुंबकाला घातक ठरतात, म्हणून हा पातळपणा आवश्यक असतो.

तिसऱ्या पायरीत या पापुद्र्यांवर हायड्रोजन वायू सोडतात. धातू तो वायू शोषतो, फुगतो आणि आतून तडकून आपोआप भरड होतो. पावसाळ्यात लाल मातीचे वाळलेले ढेकूळ पाणी पिऊन फुटते, तसाच हा प्रकार म्हणता येईल. ही भरड नायट्रोजनच्या झोताने चालणाऱ्या जेट मिलमध्ये एकमेकांवर आपटून तीन ते पाच मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक करतात. माणसाचा केस त्याच्या दहा-वीस पट जाड असतो. इतका बारीक कण बहुतेक वेळा एकच स्फटिक असतो आणि तेच हवे असते. ही भुकटी उघड्या हवेत स्वतःहून पेट घेते.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. भुकटी साच्यात भरून तिच्यावर दीड-दोन टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकक्षेत्राच्या ताकदीचे एकक) बाहेरचे चुंबकक्षेत्र लावतात. प्रत्येक कण होकायंत्राच्या सुईसारखा फिरतो आणि आपली सोयीची दिशा त्या क्षेत्राला जुळवतो. कण त्या स्थितीत असतानाच प्रेस खाली येतो आणि त्यांना दाबून धरतो. पुष्कळदा ही कच्ची वडी रबरी पिशवीत घालून द्रवाच्या दाबाने चोहोबाजूंनी पुन्हा दाबतात. या वेळी वडी इतकी ठिसूळ असते की बोटाने कोपरा मोडतो.

पाचवी पायरी भाजण्याची, म्हणजे सिंटरिंगची. निर्वात भट्टीत १००० ते ११०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वडी काही तास ठेवतात. मूळ स्फटिक या तापमानाला वितळत नाहीत, पण जास्तीचे घातलेले निओडिमियम मात्र वितळून कणांच्या मधल्या फटींत पसरते, कणांना एकमेकांकडे ओढून घेते आणि थंड झाल्यावर त्यांच्यामध्ये पातळ पडदा होऊन राहते. या पडद्यामुळे एका कणाचे चुंबकत्व उलटले तरी शेजारचा कण सहजी उलटत नाही. खानापुरात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे आणि त्या भागातील कुंभारांना हे सांगावे लागत नाही की भांडे भट्टीत आकसते आणि साचा त्या हिशेबाने मोठा घ्यावा लागतो. चुंबकाची वडीसुद्धा बाजूने पंधरा-वीस टक्के आकसते, मात्र कणांची रांग ज्या दिशेने आहे त्या दिशेत आणि तिच्या आडव्या दिशेत ती सारखी आकसत नाही. नंतर सुमारे ९०० आणि मग ५०० ते ६०० अंशांवर पुन्हा तापवून तो मधला पडदा नीट बसवतात.

भट्टीतून निघालेली वडी चुंबक नसते, असे सांगितले तर नवख्याला आश्चर्य वाटते. या मिश्रधातूचे चुंबकत्व सुमारे ३१० अंशांवर पूर्ण मोडते आणि भट्टीने तर ती मर्यादा कधीच ओलांडलेली असते. कणांची रांग तेवढी शाबूत राहते. हे सोयीचेच आहे, कारण चुंबक न झालेल्या वड्या हाताळणे, कापणे आणि घासणे सोपे जाते. पदार्थ काचेसारखा ठिसूळ असल्याने हे काम हिऱ्याच्या चाकाने किंवा वायरकटने पाणी सोडत करतात.

मग लेप येतो. उघडे निओडिमियम चुंबक दमट हवेत टिकत नाही. कणांमधला तोच निओडिमियमचा पडदा गंजतो आणि चकती कडेने भुसभुशीत होत जाते. म्हणून निकेल, तांबे आणि पुन्हा निकेल असा तीन थरांचा मुलामा देतात, ज्याची एकूण जाडी साधारण दहा-वीस मायक्रॉन भरते. किंवा काळ्या इपॉक्सीचा लेप देतात.

शेवटी कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका क्षणात कॉइलमधून सोडतात. काही मिलिसेकंद तीन टेस्ला किंवा त्याहून अधिक क्षेत्र तयार होते आणि चकती कायमची चुंबक बनते. तिच्यावरील एन-३५, एन-४२, एन-५२ हे आकडे पदार्थात साठणाऱ्या ऊर्जेचे माप आहेत. त्यांचा किलोशी थेट संबंध नाही. आकड्यानंतर कोणतेही अक्षर नसेल तर अशी चकती साधारण ८० अंशांच्या वर नेऊ नये.

आपल्याकडे बेळगावात हे का होत नाही, असे मला एका तरुणाने विचारले होते. निर्वात भट्ट्या आणि हायड्रोजन सांभाळण्याची तयारी हे एक कारण झाले. दुसरे म्हणजे निओडिमियमला मागणी आहे त्या मानाने भारतात त्याची शुद्धी थोडीच होते. केंद्र सरकारची आयआरईएल ही कंपनी ओडिशा आणि केरळच्या किनाऱ्यावरील वाळूतील मोनाझाइट या खनिजापासून दुर्मिळ मृदा धातू (निओडिमियम त्यांपैकीच एक) काढते, पण चुंबकांचा जगातील बहुतेक पुरवठा चीनच्या हातात आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा भारतातील वाहन उद्योगालाही त्याची झळ बसली.

वाटी कशासाठी

नुसती चकती दोराला बांधून विहिरीत सोडली तर ती दोन्ही बाजूंनी ओढते, निम्मे क्षेत्र पाठीमागे वाया जाते आणि पहिल्याच दगडावर आपटून तिचा टवका निघतो. म्हणून ती जाड पोलादी वाटीत बसवतात. चकतीचा एक ध्रुव वाटीच्या तळाला टेकतो, तेथून चुंबकरेषा तळातून आणि भिंतीतून फिरून वाटीच्या काठावर येतात. त्यामुळे काठ हाच दुसरा ध्रुव होतो आणि दोन्ही ध्रुव एकाच तोंडाशी येतात. जेथे क्षेत्र एक टेस्ला असते तेथे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला साधारण चार किलोची ओढ मिळते. क्षेत्र दीडपट झाले की ओढ सव्वादोन पट होते. वाटीचा अरुंद काठ क्षेत्र दाट करतो आणि त्यातच तिचा फायदा आहे.

ही वाटी मात्र आपल्याकडे उत्तम होते. उद्यमबागेतील कोणताही बरा टर्नर एका दुपारी ती करून देईल. मापे पक्की सांगावीत, कारण ‘चुंबकाची वाटी’ एवढेच सांगितले तर पातळ भिंतीचे झाकण हातात पडते.

समजा, चाळीस मिलिमीटर व्यासाची आणि दहा मिलिमीटर जाडीची एन-४२ किंवा त्यावरची, भोक नसलेली चकती घेतली आहे. चकतीतून निघणारी सगळी चुंबकरेषा तळातून आडवी जायची असल्याने तळ सात मिलिमीटर जाड ठेवावा. चकती आणि भिंत यांच्यामध्ये चारी बाजूंनी तीन मिलिमीटर फट सोडावी, म्हणजे आतला व्यास ४६ होतो. भिंत पाच मिलिमीटर, म्हणजे बाहेरचा व्यास ५६. आतली खोली १०.३ मिलिमीटर, जेणेकरून चकती काठापेक्षा किंचित आत राहील आणि मार काठ खाईल. तळाच्या पाठीला आठ-दहा मिलिमीटर उंचीचा बॉस, म्हणजे जाड गोल उंचवटा, ठेवून त्यात आरपार एम-१० चा (दहा मिलिमीटर बोल्टचा) आटा पाडावा. साठ मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा राउंड बार यासाठी पुरतो.

फाउंड्रीच्या गावात कोणीतरी ‘बिडाची ओतून घ्या, स्वस्त पडेल’ असे सुचवतेच. तसे करू नये. बिडातील ग्रॅफाइटचे पापुद्रे चुंबकरेषांच्या वाटेत आडवे येतात, बीड कमी क्षेत्रावरच भरून जाते आणि आपटल्यावर फुटते. कमी कार्बनचे साधे पोलादच येथे चांगले; कडक केलेले किंवा स्टेनलेस नको. झिंक प्लेटिंग करायचे असेल तर ते चकती बसवण्याआधी करून घ्यावे.

तीन मिलिमीटरची फट कोणालाही फुकट गेलेली जागा वाटते. माझी पहिली वाटी मी त्याच समजुतीने चकतीला घट्ट बसेल अशी करून घेतली होती. ती दिसायला सुबक झाली, पण उचलायला मात्र नुसत्या चकतीपेक्षा फारशी बरी निघाली नाही, कारण चुंबकरेषा तोंडापर्यंत येण्याऐवजी चकतीच्या कडेतून थेट भिंतीत शिरत होत्या. ती वाटी आजही टेबलावर खिळे ठेवायला वापरतो.

चकती बसवणे

चकती हातात धरून वाटीत सोडू नये. ती शेवटच्या सेंटिमीटरला हातातून सुटते, भिंतीला चिकटते, टवका उडतो किंवा बोट चिमटते. यासाठी तळाच्या आट्याचाच उपयोग करावा. पितळेचा किंवा ३०४ स्टेनलेसचा लांब एम-१० बोल्ट पाठीमागून फिरवून वाटीच्या काठाच्या वर दोन-तीन सेंटिमीटर येऊ द्यावा. आत तीन मिलिमीटर जाडीचे नायलॉनचे किंवा ॲल्युमिनियमचे कडे बसवावे, म्हणजे चकती मध्यावर राहील. तळाला दोन भागांच्या इपॉक्सीचा पातळ थर लावावा, पण आट्यात तो जाऊ देऊ नये. चकती बोल्टच्या टोकावर लाकडी ठोकळ्याने दाबून धरावी आणि बोल्ट सावकाश उलटा फिरवत तिला खाली उतरवावे. तळाला टेकल्यावर बोल्ट काढून घ्यावा, कडेच्या फटीत इपॉक्सी भरावी आणि चोवीस तास हात लावू नये.

डोळ्यांवर गॉगल असावा. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने या कामाच्या जवळ येऊ नये. दोन चकत्या एकाच टेबलावर उघड्या ठेवू नयेत आणि एकमेकींना चिकटल्याच तर उपटण्यापेक्षा बाजूला सरकवून सोडवाव्यात. चकतीला ड्रिल मारणे दोन कारणांनी वर्ज्य आहे : ती फुटते आणि तिची भुकटी पेटते. चकती बसल्यावर वाटीला कडी वेल्ड करून घेण्याचा मोहही टाळावा, कारण त्या उष्णतेने चुंबक कायमचे दुबळे होते. कडीसाठी घडीव आय-बोल्ट घ्यावा; वाकवलेल्या सळईचा सरळ होतो. तो आट्यात थ्रेड-लॉक (आटा सैल न होऊ देणारा चिकट द्रव) लावून पिळावा आणि त्याचे टोक चकतीला टेकणार नाही इतकी त्याची लांबी ठेवावी.

ओढ मोजणे

वर दिलेल्या मापांची वाटी हिशेबाने शंभर किलोच्या आसपास ओढायला हवी. मोजण्यासाठी किमान दहा-बारा मिलिमीटर जाडीची, घासून स्वच्छ केलेली सपाट लोखंडी प्लेट पक्की बसवावी, चुंबक तिला लावून चेन-ब्लॉक आणि लटकत्या काट्याने सरळ ओढावे आणि सुटण्याच्या क्षणीचा आकडा घ्यावा. विकत मिळणाऱ्या चुंबकांवरील किलोसुद्धा अशाच जाड, स्वच्छ आणि सपाट पोलादावर, सरळ ओढून घेतलेले असतात. विहिरीत तसे काही नसते. कोयत्याचे पाते पातळ, त्यावर गंज आणि गाळ, टेकलेली जागा अर्धवट. शिवाय तिरक्या ओढीत चुंबक घसरते आणि ते सरळ ओढीच्या पाचव्या हिश्श्यालाही सुटू शकते. म्हणून पाच किलोची वस्तू काढायला शंभर किलोचे चुंबक घेणे अतिरेक ठरत नाही. उलट अगदी नवख्याने पाचशे किलोचे चुंबक घेऊ नये. ते बांधीव विहिरीच्या लोखंडी पायरीला किंवा पंपाच्या पाइपला चिकटले, तर दोन माणसांना सुटत नाही.

चुंबक विहिरीत मध्यभागी सरळ सोडावे, भिंतीला घासत नेऊ नये आणि तळाला टेकल्यावर हळूहळू ओढत फिरवावे. नदीत किंवा तलावात जुनी नाणी, दागिने असे काही सापडले, तर निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. काडतूस किंवा बॉम्बगोळ्यासारखी वस्तू वर आली तर ती किनाऱ्यावर न आपटता तशीच ठेवून पोलिसांना बोलवावे.

काम झाल्यावर तोंडाला चिकटलेला लोखंडाचा चुरा चिकटपट्टीने किंवा मळलेल्या कणकेच्या गोळ्याने उचलावा, कारण नुसत्या फडक्याने तो फक्त जागा बदलतो. गोड्या पाण्याने धुऊन चुंबक पूर्ण वाळवावे. निकेलवर ओरखडा दिसला तर त्याच दिवशी त्यावर नखांचे पारदर्शक पॉलिश किंवा इपॉक्सीचा थेंब लावावा. ठेवताना तोंडावर तीन-चार मिलिमीटर जाडीचे प्लायवूड, त्यावर लोखंडी पट्टी आणि हे सारे लाकडी पेटीत, मुलांच्या आणि मोबाइलच्या हाताबाहेर.